आधी माप, मग धातू

आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक सायकलची फ्रेम टांगलेली आहे. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. नुसता रुपेरी सांगाडा. येणारे-जाणारे विचारतात, "शोभेसाठी लावलीय का?" मी हो म्हणतो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात शोभा माझीच होते.

मी रत्नागिरीत राहतो आणि पदविकेच्या मुलांना धातुशास्त्र शिकवतो. म्हणजे कुठला धातू का गंजतो, का तुटतो, दोन धातू एकमेकांना लागून ठेवले तर काय होतं, हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. तरीही टायटॅनियमच्या फ्रेमपायी मी दोनदा फसलो. एकदा धातूच्या बाबतीत आणि एकदा स्वतःच्या अंगाच्या बाबतीत. दुसरी फसगत जास्त महाग पडली.

बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला, तेव्हा सायकल हातात आली. खाडीकाठचं बालपण असल्यामुळे पोहणं येतच होतं. धावणं जमवून घेतलं. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ सुरू झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि २१.१ किलोमीटर धावायचं. आता तीन खेळांची ही परीक्षा द्यायला परदेशी जायची गरज उरली नव्हती. शेजारच्या अंगणात लग्न आणि आपण जेवायला जायचं नाही, असं कसं होईल?

तोवर माझी स्टीलची रोड सायकल चार पावसाळ्यांत खलास झाली होती. वरून रंग शाबूत, पण पेडलच्या आसाचं बेअरिंग जिथे बसतं त्या नळकांड्यात आतून पापुद्रे सुटलेले. किनाऱ्यावरची खारी हवा एकीकडून खाते, माणसाचा घाम दुसरीकडून. ट्रायथलॉनच्या सायकलीवर तर आपण कोपरं टेकून पुढे ओणवतो, त्यामुळे नाकावरून ओघळणारा घाम नेमका हेडसेटवर, म्हणजे हँडलच्या बेअरिंगवर, आणि वरच्या नळीवर ठिबकत राहतो. वर शर्यतीच्या दिवशी खाऱ्या पाण्यातून निथळत येऊन आपण तिच्यावर बसतो. न गंजणारी फ्रेम हवी, हा माझा हट्ट त्यामुळे अगदीच वेडेपणाचा नव्हता.

जे गुण, तेच अवगुण

टायटॅनियम दुर्मीळ नाही. पृथ्वीच्या कवचात विपुलतेच्या क्रमाने ते नवव्या जागी येतं. आमच्या काळबादेवीच्या पुळणीत जी काळी वाळू चमकते, तिच्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे टायटॅनियमचंच खनिज. पायाखाली पसरलेला हा धातू बाजारात इतका महाग का, याचं उत्तर त्याच्या स्वभावात आहे. त्याला ऑक्सिजनची विलक्षण ओढ. हवा लागताक्षणी त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा धरतो. हा पापुद्राच त्याचं चिलखत. म्हणून तो मिठाला, घामाला दाद देत नाही.

पण याच ओढीमुळे खनिजातून ऑक्सिजन सोडवून धातू वेगळा करणं कटकटीचं होतं. आधी क्लोरिनशी संयोग घडवायचा, मग बंद भांड्यात मॅग्नेशियमने क्लोरिन काढून घ्यायचा आणि एकेक घाणा काढावा तसा स्पंजासारखा धातू काढायचा. आणि याच ओढीमुळे वेल्डिंगही अवघड. तापलेल्या टायटॅनियमला हवेचा वारा लागला, की ते ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं आणि ठिसूळ होतं. म्हणून सांध्याच्या बाहेरून तर आर्गॉन वायूचं पांघरूण लागतंच, नळीच्या आतही आर्गॉन भरावा लागतो.

हे सगळं मी फळ्यावर अनेकदा लिहिलं आहे. फ्रेम घेताना त्यातली एक ओळही मला आठवली नाही. "स्वस्त टायटॅनियम" हे दोन शब्द दिसले आणि मी भुललो. आता कळतं, की स्वस्त फ्रेममध्येही धातू बहुधा तोच असतो. किंमत उतरलेली असते ती त्या धातूवर खर्च केलेल्या वेळेची. आर्गॉन किती वेळ सोडला, सांधा गार व्हायला किती थांबले, फ्रेम सरळ आहे का हे कितीदा तपासलं. नळी कापायला लागणारा वेळ कमी करता येत नाही. तपासायचा वेळ मात्र सहज गाळता येतो.

पहिली फ्रेम: बॅगेतून आलेली

अमेरिकेतल्या मावसभावाने फोटो पाठवला. १९९० च्या दशकातली, अस्सल ट्रायथलॉनची टायटॅनियम फ्रेम, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पडून होती. किंमत ऐकून मीच दोनदा विचारलं, "एवढीच?" तो दिवाळीला येणार होताच. फ्रेम त्याच्या बॅगेतून आली, पुसल्यावर नव्यासारखी झाली. पंचवीस-तीस वर्षांत गंजाचा एक ठिपका नाही. मी वर्गात नेऊन मुलांनाही दाखवली.

मग चाकं शोधायला निघालो. त्या काळी ट्रायथलॉनच्या पुष्कळ फ्रेम ६५०सी चाकांसाठी बनत. बोलताना या चाकालाही छब्बीस इंचीच म्हणतात. मी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो आणि छब्बीस इंची टायर मागितला. त्याने दोन काढून दिले. एकही बसेना. मिस्त्री म्हणाला, "सर, छब्बीस तर हाय, पण तुमचा छब्बीस येगळा दिसतोय." मिस्त्रीचं बरोबर होतं. जुन्या माउंटन बाइकचा टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो, साध्या सायकलीचा छब्बीस-एक-तीन-अष्टमांश ५९० च्या रिमवर, आणि ६५०सी चा ५७१ वर. तिघांचंही नाव छब्बीस. रोड सायकलींची आजची सार्वत्रिक चाकं ७००सी, म्हणजे ६२२ मिलिमीटरची. त्यांचे टायर गल्लोगल्ली मिळतात. ५७१ चा टायर परदेशातून मागवावा लागतो, आणि शर्यतीच्या आदल्या रात्री फाटला तर हात जोडून बसावं लागतं.

पुढे एकेक कुलूप दिसायला लागलं. पुढच्या फोर्कची दांडी एक इंचाची, आताचे बहुतेक फोर्क एक-एक-अष्टमांश इंची किंवा खाली रुंद होत जाणारे. मागच्या चाकाची जागा १३० मिलिमीटर, आताच्या डिस्क ब्रेकच्या चाकांना १४२ लागतात. स्टीलची फ्रेम असती तर बेताने ताणून जागा वाढवता आली असती. टायटॅनियम ताणलं तर ते परत मूळ जागी येतं, आणि जास्त ताणलं तर सांध्यावर बेततं. फ्रेम अमर होती, पण तिच्या काळातले सुटे भाग मरून गेले होते.

तरी जमवाजमव करून मी ती वर्षभर चालवली. मग सीट थोडी वर घ्यायची म्हणून बोल्ट सैल केला, तर सीटपोस्ट हलेना. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट, टायटॅनियमची नळी, आणि मध्ये वर्षभर झिरपलेला घाम आणि खारं पाणी. दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी म्हणजे विजेचा घट. त्यात टायटॅनियम सुरक्षित राहतं आणि ॲल्युमिनियम झिजतं. झिजून होणारी पांढरी भुकटी फुगते आणि पाचर ठोकल्यासारखी अडकते. हा धडा मी दर वर्षी ऑगस्टमध्ये शिकवतो.

सवयीप्रमाणे मी नळी बाहेरून तापवली. स्टीलच्या वस्तूत अडकलेलं स्टील असं निघतं. इथे उलटं झालं. ॲल्युमिनियम तापल्यावर टायटॅनियमच्या अडीच पटीहून जास्त प्रसरण पावतं. म्हणजे मी पाचर आणखी घट्ट करत होतो. हे लक्षात आल्यावर सीटपोस्टच्या आत बर्फ आणि मीठ भरून पाहिलं, तेल सोडलं, आठवडाभर वाट पाहिली. शेवटी वरचा भाग कापला आणि हॅक्सॉचं पातं हातात धरून आतून उभ्या चिरा पाडत तो काढला. दोन रविवार गेले. पात्याने नळीच्या आत दोन खोल ओरखडे पडले, आणि टायटॅनियमला ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याचं आमंत्रण. तीच ही फ्रेम, भिंतीवरची.

अँटिसीझ पेस्टची एक डबी वेळेवर लावली असती तर हे झालं नसतं. टायटॅनियमला लागून जे जे बसतं, म्हणजे सीटपोस्ट, बेअरिंगचे कप, बाटलीचे बोल्ट, त्या सगळ्याला ही पेस्ट लावा आणि आमच्यासारख्या किनाऱ्यावर राहत असाल तर दर तीन महिन्यांनी सीटपोस्ट एकदा काढून, पुसून परत बसवा.

दुसरी फ्रेम: मी आखलेली

एका ठेचेने शहाणा होणारा मी नव्हे. आता मला नवी हवी होती, ७००सी ची, डिस्क ब्रेकची, आणि तीही मापाबरहुकूम बनवून. चीनमध्ये टायटॅनियमचा उद्योग मोठा आहे, शान्शी प्रांतातलं बाओजी शहर तर त्यासाठीच ओळखलं जातं. तिथून आणि इतर ठिकाणांहूनही थेट ग्राहकाला मापाची फ्रेम बनवून देणारे पुष्कळ आहेत. त्यांत उत्तम काम करणारे आहेत, मोठ्या नावांना माल पुरवणारेही आहेत. मी निवडला तो सगळ्यांत कमी भाव सांगणारा. नाव सांगत नाही, कारण दोष निम्मा माझा होता.

त्यांनी विचारलं, "मापं पाठवा." मी एका नावाजलेल्या खेळाडूच्या सायकलीची आकृती शोधली. त्याची उंची माझ्याएवढीच, १७२ सेंटिमीटर. त्याचे आकडे उचलले आणि पाठवून दिले. शिंप्याकडे जाताना शेजाऱ्याचा सदरा नेला आणि सांगितलं, "असाच शिवा." उंची सारखी असली म्हणून पाय, धड आणि हात सारखे नसतात. पाठीचा कणा तर नाहीच नाही. तो खेळाडू सव्वीस वर्षांचा, मी सत्तेचाळीस वर्षांचा, दिवसाचे सहा तास फळ्यासमोर उभा राहणारा.

ट्रायथलॉनच्या फ्रेमचं गणित दोन आकड्यांत मावतं. पेडलच्या आसाच्या मध्यापासून हेडट्यूबच्या, म्हणजे फोर्कची दांडी ज्या नळीतून जाते तिच्या, वरच्या टोकापर्यंत सरळ वर किती, तो स्टॅक. आणि तिथपर्यंत सरळ पुढे किती, तो रीच. मोटारसायकलच्या दुकानात जशी सीटची उंची विचारतात, तशी ही फ्रेमची खरी उंची आणि लांबी. ५२, ५४, ५६ असे जे साइज लिहितात ते प्रत्येकाचे वेगळे, स्टॅक आणि रीच मात्र सगळीकडे सारखे मोजतात. मी स्टॅक ४८५ आणि रीच ४२५ मिलिमीटर मागवला. पुढे मोजून घेतल्यावर कळलं, मला हवे होते ५३० आणि ४०५. म्हणजे मी साडेचार सेंटिमीटर खोल आणि दोन सेंटिमीटर लांब अशा खड्ड्यात स्वतःला उभं केलं होतं.

सीटच्या नळीचा कोनही महत्त्वाचा. रोड सायकलीत तो साधारण ७३ अंशांच्या आसपास, ट्रायथलॉनच्या सायकलीत ७६ ते ८०. कोन उभा झाला की माणूस पेडलच्या आसाभोवती पुढे फिरतो, त्यामुळे पाठ खाली गेली तरी मांडी पोटावर दाबली जात नाही, आणि उतरल्यावर धावायला पाय मोकळे राहतात. हा कोन मी बरोबर मागवला होता. पण पुढचा भाग इतका खाली, की कोन असूनही मांडी पोटात घुसायचीच.

सायकल बांधून झाली. दिसायला देखणी. भाट्याच्या पुलावरून पहिल्यांदा गेलो तेव्हा माणसं वळून बघत होती. कोपरांवर टेकून मी वीस मिनिटं टिकायचो. मग मान भरून यायची, कंबर बोलायला लागायची, आणि मी उठून बसायचो. "सवय होईल," असं म्हणत सहा महिने काढले. गोव्याच्या त्या दमट उकाड्यात, ९० किलोमीटरपैकी निम्म्याहून जास्त अंतर मी बाहेरची हँडलं धरून ताठ बसून कापलं. छातीवर वारा घेत.

यातली गंमत अशी, की सपाट रस्त्यावर तीसच्या वेगाला आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि हवेच्या त्या अडथळ्यातला सुमारे तीन-चतुर्थांश वाटा सायकलीचा नसतो, आपल्या अंगाचा असतो. १९८९ च्या तूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँ ५० सेकंदांनी मागे होता. २४.५ किलोमीटरच्या त्या शर्यतीत त्याने कोपरं टेकवायची नवी हँडलं वापरली, जी ट्रायथलॉनवाले आधीपासून वापरत होते. तो एकूण शर्यत ८ सेकंदांनी जिंकला. लोक अजून त्या हँडलांबद्दल बोलतात. फ्रेम कसली होती ते क्वचितच कुणी विचारतं. मी मात्र धातूवर ८०,००० रुपये घालून बसण्याची रीत गमावली होती.

लोट्याचा वेल्डर

दीड वर्षाने टिकटिक सुरू झाली. उजवा पाय खाली गेला की टिक. मी पेडल काढून ग्रीस लावलं, बेअरिंग बदललं, सीटचे बोल्ट आवळले. दोन महिने आवाजाचा पाठलाग केला. एके दिवशी फडक्याने पुसताना पेडलच्या आसाजवळ, मागे जाणाऱ्या डाव्या नळीवर फडक्याचा धागा अडकला. प्रयोगशाळेतलं डाय पेनेट्रंट लावलं. लाल रेघ उमटली, सांध्याच्या कडेने, बोटाच्या पेराएवढी. तीच चाचणी मी दर वर्षी मुलांकडून करून घेतो.

कारखान्याला कळवलं. आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग सायकल कशी चालवता ते विचारलं. अखेर उत्तर आलं: फ्रेम स्वखर्चाने परत पाठवा, तपासून ठरवू. पाठवणीचा आणि परत येण्याचा खर्च, वर परतीच्या वेळी कस्टमची उस्तवार. हिशेब केला तर फ्रेमच्या निम्म्या किमतीला जाऊन भिडला. वॉरंटीच्या कागदावर "आजीवन" लिहिलेलं होतं. कुणाचं जीवन, ते लिहिलेलं नव्हतं.

आपल्याकडे टायटॅनियमचं वेल्डिंग कोण करतं? रासायनिक कारखान्यांत टायटॅनियमचे हीट एक्स्चेंजर असतात. म्हणून लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत विचारत गेलो. तिथे एक वयस्क वेल्डर भेटले, आयुष्यभर हेच काम केलेले. त्यांनी फ्रेम हातात घेतली, बाहेरून फारसं पाहिलंच नाही. पेडलचा आस काढायला सांगितला, बारीक कॅमेरा आत घातला आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"सर, हे बघा. बाहेरून रुपेरी, आतून निळं आणि राखाडी. आतून गॅस सोडलेला नाय."

बाहेरचा सांधा ब्रशने घासून, पॉलिश करून चांदीसारखा करता येतो. आत हात पोचत नाही, म्हणून आतला रंग खोटं बोलत नाही. त्यांनी मला ओळीने सांगितलं: रुपेरी म्हणजे उत्तम, फिकट गवती सोनेरी चालेल, निळा दिसला की शंका घ्या, राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली तर तो सांधा मेला. हे पुस्तकातही आहे. पण पुस्तकातला तक्ता आणि स्वतःच्या सायकलीच्या पोटातला निळा रंग यांत फरक असतो.

"थिगळ लावता येईल का?" मी विचारलं.

"लावता येईल. पण तुम्ही त्याच्यावर बसून उतार उतरणार असाल, तर मी लावणार नाय."

त्यांनी एक पैसा घेतला नाही. मी आजवर घेतलेला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचा सल्ला तोच.

घेणाऱ्याने काय बघावं

आता जे करतो, तेच सांगतो. क्रमही महत्त्वाचा आहे.

पहिलं, माप. फ्रेम शोधण्याआधी चांगल्या फिटरकडे जा. पुण्या-मुंबईत आता अनेक आहेत. त्यांच्याकडून रोड सायकलीचं नको, कोपरं टेकवलेल्या बैठकीचं माप घ्या: कोपरांच्या गादीची उंची, तिचं अंतर, सीटची उंची, आणि त्यावरून निघणारा स्टॅक-रीचचा पट्टा. क्रँकची लांबीही विचारा. १७२.५ वरून १६५ वर आल्याने माझी मांडी पोटापासून सुटली, आणि तो बदल फ्रेमच्या तुलनेत कवडीमोल होता.

दुसरं, धातूची प्रत. फ्रेमच्या नळ्यांसाठी रुळलेला मिश्रधातू म्हणजे ३ टक्के ॲल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियमचा, ज्याला ग्रेड ९ म्हणतात. ६ आणि ४ चा ग्रेड ५ जास्त ताकदीचा, पण त्याच्या नळ्या ओढणं अवघड, म्हणून तो बहुधा चाक अडकवायच्या तुकड्यांसाठी वापरतात. तिथे तो असणं चांगलंच. "संपूर्ण ग्रेड ५" अशा जाहिरातीला भुलू नका. आणि नुसतं शुद्ध टायटॅनियम, म्हणजे ग्रेड २, नळ्यांसाठी सांगत असतील तर नमस्कार करून निघा, त्याची ताकद बरीच कमी. नळ्यांचं मिल सर्टिफिकेट मागा.

तिसरं, ताठपणा. टायटॅनियम स्टीलच्या जवळपास निम्म्या वजनाचं आहे, पण लवचीकही साधारण दुप्पट. म्हणून नळ्या जाड व्यासाच्या लागतात. जुन्या, बारीक नळ्यांच्या फ्रेमवर ऐंशी किलोचा माणूस उभा राहून पेडल मारू लागला, तर मागचा भाग झोके घेतो. आपलं वजन बनवणाऱ्याला खरं सांगा. लग्नाच्या पत्रिकेत सांगतात तसं नको.

चौथं, बेअरिंगची जागा. आट्यांची बीएसए किंवा टी४७ घ्या. दाबून बसवायची टाळा. दाबून बसणाऱ्या बेअरिंगला नळकांडं अगदी काटेकोर गोल लागतं, आणि स्वस्त कामात नेमका तोच काटेकोरपणा सुटतो. नंतर घासून दुरुस्त करायला जावं, तर टायटॅनियम आपल्या दुकानदारांच्या टॅपचे दात मोडतं. आटे पाडून आणि तोंड घासून तयार आलेली फ्रेमच घ्या. बीएसएमध्ये उजव्या कपाचे आटे उलटे असतात, हेही मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा.

पाचवं, सरळपणा. याला दोन रुपयांचा दोरा पुरतो. मागचं चाक ज्या खाचांत बसतं त्यांतल्या डाव्या खाचेतून दोरा काढा, हेडट्यूबला वळसा घालून उजव्या खाचेत आणून ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एक मिलिमीटरपर्यंत फरक चालेल. मग मागचं चाक बसवून पाहा आणि उलटं फिरवून पुन्हा बसवा. दोन्ही वेळा एकाच बाजूला झुकलं तर दोष फ्रेमचा, बाजू बदलली तर चाकाचा. माल आल्यावर सायकल बांधण्याआधी हे करा, कारण बांधलेली फ्रेम परत घ्यायला कुणी तयार होत नाही.

सहावं, पोटातला रंग. हजार-दीड हजाराचा मोबाइलला जोडायचा कॅमेरा घ्या आणि पेडलच्या आसाच्या नळकांड्यातून, सीटच्या नळीतून आत बघा. नवी घेत असाल तर पैसे देण्याआधी याच जागांचे फोटो मागा. जो बनवणारा आनंदाने पाठवतो, त्याच्याशी पुढे बोला. जो म्हणतो "आमच्यावर विश्वास ठेवा," त्याच्यावर ठेवू नका.

जुनी घेणार असाल तर याच्या जोडीला तीन प्रश्न: चाक कुठलं, फोर्कची दांडी किती जाड, आणि सीटपोस्ट हलतो का? तिसऱ्याचं उत्तर व्हिडिओतच मागा.

बिलाची दुसरी बाजू

"स्वस्त" हा शब्द फक्त फ्रेमपुरता असतो. त्यावर पाठवणीचा खर्च. कस्टम ड्युटी नुसत्या किमतीवर लागत नाही, भाडं आणि विमा धरून लागते, आणि त्या सगळ्या बेरजेवर पुन्हा जीएसटी. कार्बनचा फोर्क, हेडसेट, चाकांचे आस, कोपरांची हँडलं, केबल आत घालायची मजुरी. गिअर जिथे लटकतो तो हँगर दोन नग घ्या, कारण त्या फ्रेमचा हँगर दुसऱ्या कशाला बसत नाही. माझी ८०,००० ची फ्रेम रस्त्यावर आली तेव्हा आकडा दोन लाख पार करून गेला होता. पगारातून एवढं काढताना बायकोने एकच विचारलं होतं, "हिच्यावर बसून दुखत नाही ना?" तेव्हा मी हसलो होतो.

खरं सांगायचं तर टायटॅनियम प्रत्येकासाठी नाही. दर मिनिटाचा हिशेब करणाऱ्याने कार्बन घ्यावं. हवा कापणारे चपटे आकार टायटॅनियममधून काढणं कठीण आणि खर्चिक. ज्याचं बजेट तंग आहे, त्याने ॲल्युमिनियमची फ्रेम, चांगले टायर आणि नेमकं फिटिंग घ्यावं, तो माझ्या पुढे निघून जाईल. टायटॅनियम त्याच्यासाठी, जो किनाऱ्यावर राहतो, भरपूर घाम गाळतो, दर वर्षी सायकल बदलत नाही, आणि दहा-पंधरा वर्षं एकच फ्रेम वापरायचा विचार करतो. अशाने घाई करायचं काहीच कारण नाही. जी वस्तू पंधरा वर्षं टिकणार, तिच्यासाठी पंधरा आठवडे थांबता येतं.

मी आता तिसरी चालवतो. टायटॅनियमचीच, वापरलेली, साध्या गोल नळ्यांची, आट्यांच्या बेअरिंगची. आधी पुण्यात माप घेतलं, मग सात महिने त्या मापाची वाट पाहिली. कोपरांवर सलग दीड तास टेकून राहतो. पुलावर कुणी वळून बघत नाही.

तेव्हा पैसे पाठवायच्या आधी एका कागदावर तीन आकडे लिहा. आपला स्टॅक, आपला रीच, आणि आपण कोपरांवर सलग किती मिनिटं टिकतो ते. तिसरा आकडा लिहिता येत नसेल, तर पैसे बँकेतच राहू द्या.